ओळंबा दिदीच्या हातात

नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे तिथले कॅथलिक मिस्सासाठी, म्हणजे एरवी रविवारी होणाऱ्या चर्चमधल्या उपासनेसाठी, शनिवारीच जमतात आणि रविवारी कामाला लागतात. आम्हा पुण्यातल्या वडगाव शेरीकरांना याचं फार नवल. २५ एप्रिल २०१५ चा भूकंपही शनिवारीच झाला. शाळा बंद होत्या म्हणून कितीतरी मुलं वाचली. २०१७ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या डोंगरात आम्ही धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चची, मंडळी एका घरासाठी दगड वाहत होतो. गोरखपूरची रेल्वे, सुनौलीची सीमा, पुढची बस, हे सगळं सोडून देतो.

मी खराडीला साईट सुपरवायझर. सोबत चंदननगरचे एक ठेकेदारकाका, दोन नर्स आणि कॉलेजची पोरं. फादरांनी निघतानाच बजावलं होतं, नेपाळच्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, तिथे धर्माचा विषय काढायचा नाही, सांगतील ते काम करायचं. घर तामाङ या डोंगरी समाजातल्या एका कुटुंबाचं. नवरा कतारला, बायको, सासू आणि पोरं पत्र्याच्या शेडमध्ये. सरकार घरामागे तीन लाख नेपाळी रुपये देत होतं, म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या थोडे वर. तेही हप्त्याहप्त्याने, इंजिनिअरने काम पास केलं तरच. एवढ्यात घर पुरं होत नाही. म्हणून आमच्यासारखे फुकटचे बिगारी.

मिस्त्री कोण विचारलं, तर एक बाई पुढे आली. तिशीची, अंगात जुनं जॅकेट, हातात ओळंबा, भिंत सरळ आहे का ते पाहायचा दोरीला बांधलेला लोलक. भूकंपात पाच लाखांच्या आसपास घरं पडली आणि गावातले तरणे पुरुष आखातात, मलेशियात. मग बायकांनाही गवंडीकाम शिकवलं गेलं. सगळे तिला दिदी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

काकांना ते पचेना. चार-चार मजले उभे केलेला माणूस! भिंत दगड-मातीची पाहून तर ते उखडलेच. "दिदी, सिमेंट के बिना ये कैसे टिकेगा?" दिदीने वाद घातला नाही. सिमेंटचं पोतं रस्त्यापासून इथवर पाठीवर आणायचं तर काय पडतं ते सांगितलं आणि त्यांना भिंतीशी नेलं. जुन्या घरांच्या भिंती म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती, आत चिपा आणि माती भरलेली. हादरा बसला की बाहेरची फुगते आणि कोसळते. म्हणून दर दोन फूट उंचीला आणि चार फूट लांबीला भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड हवाच. शिवाय जोत्याला, खिडकीखाली, लिंटेलला म्हणजे दार-खिडकीच्या वर, आणि छताखाली सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा. असे सगळे आरपार दगड तिने बाहेरून गेरूने खुणावून ठेवले होते.

काका एकदम गप्प झाले. ते मूळचे उमरग्याकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते पोरसवदा होते. "आमच्या मावशीचं घर असंच होतं," एवढंच म्हणाले. "दोन हात जाड भिंत. आम्हाला वाटायचं, किल्लाच आहे." मग उठले आणि दिवसभर ओढ्यात उतरून लांब दगड शोधत राहिले. दिदीने त्यातले निम्मे नापास केले. आखूड आहे, ठिसूळ आहे, फेक. चंदननगरात काकांचा एक दगड नापास करायची कुणाची छाती नाही!

दुपारी सरकारी इंजिनिअर आला. विशीतला पोरगा. त्याने टेप लावली, गेरूच्या खुणा मोजल्या, ओळंबा मागितला. दिदीने दिला नाही, स्वतःच धरून दाखवला. तो हसला, फोटो काढले, सही केली. बाई मिस्त्री आहे याचं त्याला काहीच वाटलं नाही, ते मला जास्त लागलं. माझ्या साईटवर मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेल्या बाया वर्षानुवर्षं घमेली वाहतात. त्यांचे नवरे बिगारीचे गवंडी होतात. त्यांच्या हातात थापी दिलेली मी कधी पाहिलेली नाही, आणि ती द्यावी असं सुचलंही नव्हतं.

आमच्या तिकिटांच्या पैशात दिदीसारख्या आणखी चौघींची मजुरी निघाली असती, हेही खरं. फादरांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, हिशोब बरोबर आहे, पण काकांना इथे कुणी आणलं असतं?

फेब्रुवारीत काकांनी वाघोलीच्या साईटवर एका बाईला पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, वीटबांधणी दिली. तिचा हात चांगला बसला. भांडण लागलं ते हजेरीवरून. मला फोन आला, "कुठल्या रकान्यात लिहू?" मिस्त्रीच्या लिहा, म्हटलं. "अरे, बाकीचे मिस्त्री काम सोडून जातील." जाऊ देत, म्हटलं. काकांनी शेवटी मधला दर काढला, बिगारीपेक्षा जास्त, मिस्त्रीपेक्षा कमी. तो तिला मान्य नाही आणि दर शनिवारी पगाराला ती तसं सगळ्यांसमोर सांगते.