चाळीस प्रश्नांचा कागद

पोलिसांच्या मेडिकल तपासणीत माझं बीपी 160/100 निघालं. डॉक्टरांनी गोळी दिलीच, वर समुपदेशकाची चिठ्ठीही लिहिली. ती तीन महिने डायरीत पडून होती. अशी चिठ्ठी कुणाच्या नजरेला पडली की आमच्यात माणूस ‘ढिला’ ठरतो. शेवटी गेलो, तोही साध्या कपड्यांत, मोटारसायकल लांब लावून.

बसल्या बसल्या विचारलं, हे सेवापुस्तकात जाईल का? मॅडम नाही म्हणाल्या. जिवाला धोका दिसला तर इथलं बाहेर सांगावं लागतं, हेही तेव्हाच सांगून टाकलं. मग कागद पुढे केला. मॅक्रिरी आणि थॉम्पसन या संशोधकांनी खास पोलिसांसाठी बनवलेली, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेली, कामाचा ताण मोजणारी प्रश्नावली. दोन भाग, प्रत्येकात 20 बाबी, 1 ते 7 गुण; ताण जितका जास्त तितका आकडा मोठा. पहिला भाग प्रत्यक्ष ड्युटीचा: नाईट, इजा होण्याची भीती, मनाला हादरवणारे प्रसंग. दुसरा खात्यातला: अपुरं मनुष्यबळ, वरिष्ठांचं वागणं, एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा.

मला वाटलं, पहिल्या भागात सगळे सात पडणार. कुजलेली प्रेतं उचलली आहेत मी, अपघातातलं लेकरू चादरीत गुंडाळलंय. पण तिथे पडले तीन-चार. सात आले ते दुसऱ्या भागात. ‘आजारी पडलं की सहकारी कमी लेखतात’ या ओळीला तर पेनाने कागद फाटायचाच बाकी होता. प्रेत उचलून आलं की बरोबरचा पाठीवर हात ठेवतो. वडिलांच्या ऑपरेशनसाठी मंजूर झालेली रजा आदल्या रात्री रद्द झाली, तेव्हा सगळे खाली बघत होते.

दुसऱ्या भेटीत मॅडमनी सरळच विचारलं, “पिस्तूल जवळ असताना जीव द्यावासा वाटला होता?” नाही म्हणालो. मग जरा वेळाने, एकदा. त्या दचकल्या नाहीत, म्हणून पुढचं बोलता आलं. त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन हत्याराशिवायची ड्युटी मागितली. रात्रभर कारणं जुळवून ठेवली होती. साहेबांनी एकही न विचारता सही केली. माणूस मी समजत होतो तितका वाईट नव्हता.

बाकी काम झोपेचं. रोज झोपेची वही भरायची. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर पलंगावरून उठायचं, झोप आली की परत. नाईट संपवून येताना काळा चष्मा, खोलीला जाड पडदे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीर दिवस उजाडला असं धरतं. चष्म्यावरून पोरं अजून हसतात. पहिले दोन आठवडे फरक शून्य, उलट चिडचिड वाढली. पाचव्यात सलग सहा तास झोपलो.

चार महिन्यांनी तोच कागद परत भरला. पहिला भाग उतरला होता, दुसऱ्यातले सात जागच्या जागी. मॅडम म्हणाल्या, हे सात माझ्या खोलीत बसून कमी होणारे नाहीत. हत्यार परत मिळालंय. रजेचा नवा अर्ज परवा टाकलाय.