पोलिसांनी मारलं तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

हातात काही नसलेल्या, ताब्यात आलेल्या माणसाला मारण्याचा अधिकार कोणत्याही कायद्यानं पोलिसांना दिलेला नाही. अटकेला जोरानं विरोध झाला किंवा माणूस निसटायला लागला, तरच आवश्यक तेवढं बळ वापरायची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ देतं. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही, असं कलम ४६ सांगतं. म्हणजे माणूस मुकाट्यानं गाडीत बसला की तिथून पुढची प्रत्येक काठी हा मारणाऱ्याचा गुन्हा आहे. ‘जरा धडा शिकवला’ याला कुठलंच कलम नाही. तरीही अशा प्रकरणांपैकी शिक्षेपर्यंत फार थोडी जातात. माझ्या मते कायद्यापेक्षा कागद कमी पडतो, आणि तो पहिल्या दोन दिवसांतच कमी पडतो.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, मग मारतात कशाला? मुद्देमालासाठी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येच ती वाट आहे: ताब्यातल्या माणसाच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग पुरावा होतो. घरफोडी किंवा मोटारसायकल चोरीच्या तपासात सगळा जोर त्यामुळे ‘माल काढण्यावर’ असतो. मार पडतो तोही बहुतेक वेळा अटक दाखवण्याआधी, ठाण्यातल्या डीबी (गुन्हे शोध) पथकाच्या खोलीत, घरच्यांना ‘फक्त चौकशीला बोलावलंय’ असं सांगितलेलं असताना. भारतीय न्याय संहितेचं कलम १२० नेमकं याच्यासाठी आहे. कबुली किंवा वस्तू काढून घेण्यासाठी दुखापत केली तर ७ वर्षांपर्यंत, जबर दुखापत असेल तर १० वर्षांपर्यंत कैद. तक्रारीत हे कलम आग्रहानं मागा, कारण साधी दुखापत म्हणून ११५ लावलं की प्रकरण अदखलपात्र ठरतं आणि हातात नुसती एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती पडते.

पोराला उचललं असं कळलं की घरच्यांनी आधी वेळ लिहून ठेवायची. कोणी नेलं, कोणत्या गाडीतून, कुठल्या चौकातून, कोणी पाहिलं. मग ११२ ला फोन करून ‘अमुक माणूस कोणत्या ठाण्यात आहे’ एवढंच विचारा. उत्तर मिळो न मिळो, कॉलची नोंद होते. कोल्हापुरात असाल तर कसबा बावड्यातल्या पोलिस अधीक्षक कार्यालयाला त्याच मजकुराचा ईमेल पाठवा. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, राजारामपुरी अशी ठाणी पालथी घालताना स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेला (एलसीबी) विसरू नका. ‘आमच्याकडे नाही’ असं ठाण्यातून खरंच सांगितलं जातं, कारण माणूस एलसीबीकडे असतो. दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचे २४ तास माणूस प्रत्यक्ष अडवला तेव्हापासून मोजायचे असतात, अटकेच्या कागदावरच्या वेळेपासून नाही. तुमचा फोन आणि ईमेल तेव्हा उपयोगी पडतो.

अटक दाखवली असेल तर अटकेच्या मेमोवर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते आणि अटक झालेल्याचीही सही लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून हे बंधनकारक आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही आहे (पुढे कायद्याचं नाव न देता आलेली कलमं याच संहितेची). मेमोवरची वेळ वाचल्याशिवाय सही करू नका.

आता वैद्यकीय तपासणी. या सगळ्यात जास्त लक्ष हिच्याकडे द्या.

सोडून दिलं असेल तर त्याच रात्री सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. केस पेपरवर ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) नोंद आणि तिचा नंबर घ्या. ‘कसं लागलं’ या रकान्यात ‘पोलिसांनी ठाण्यात काठीनं व पट्ट्यानं मारलं’ असं तुमच्याच शब्दांत आलं पाहिजे. कधी बरोबर आलेला पोलिसच ‘पडला’ असं सांगून टाकतो आणि तेच लिहिलं जातं. बरोबर पोलिस असेल तर त्याला बाहेर थांबवायला डॉक्टरांना सांगा. अटकेतल्या माणसाच्या अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण कधी झाल्या हे नोंदवून त्याची प्रत त्या माणसाला देणं, हे कलम ५३ नं डॉक्टरांवरच टाकलेलं काम आहे. प्रत मागून घ्या.

अंगावर काय दाखवायचं तेही ठाऊक हवं. लाठी जोरात बसली की मध्ये फिकट पट्टा आणि दोन्ही बाजूंना समांतर लाल रेघा उमटतात. पडल्यानं असा वळ उठत नाही, म्हणून ‘मुकामार’ एवढ्यावर न भागवता वळाचा आकार, लांबी-रुंदी आणि जागा लिहायला लावा. मार चुकवायला हात वर घेतला असेल तर करंगळीच्या बाजूचं मनगट ते कोपर हाड दुखतं, एक्स-रे काढा. तळपायांवर मारलं असेल तर वरून फारसं दिसत नाही, पण चालताना कळ येते आणि सूज चढते. तळपाय दाखवायचे हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आणि मांड्या, पाठ, ढुंगणावर खूप मार असेल आणि लघवी चहासारखी गडद होत असेल, तर ते नुसतं दुखणं नाही. चिरडलेल्या स्नायूंतून रक्तात गेलेले घटक मूत्रपिंड बंद पाडू शकतात. सीपीके आणि क्रिएटिनिनची रक्त तपासणी, लघवीची तपासणी तातडीनं करायला सांगा, भरती व्हावं लागलं तर व्हा. हाडं शाबूत असलेला माणूससुद्धा अशा मारानं दगावू शकतो.

फोटो आधी पूर्ण शरीराचा, चेहऱ्यासह, मग जखमेचा जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. फ्लॅशशिवाय दिवसाच्या उजेडात काढा. रोज एकदा, आठवडाभर, कारण खोलवरचा मार दोन-तीन दिवसांनी वर दिसू लागतो. फाईल मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो कॉम्प्रेस होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती उडते. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यायचं तर मूळ साधन हवं. रक्ताचे कपडे धुऊ नका, वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ते कुजतात.

रिमांडच्या वेळी न्यायाधीश आरोपीला ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं विचारतात. भीतीनं ‘नाही’ म्हटलं की आदेशात तसंच नोंदवलं जातं आणि पुढे प्रत्येक पायरीवर ते एक वाक्य आडवं येतं. ‘होय, मारलं’ म्हणा, जखम दाखवा आणि फेरतपासणीचा आदेश मागा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून रिमांडसाठी मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. पोलिस कोठडी वाढली असेल तर बसू निकालाप्रमाणे दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, तीही मागा.

सीसीटीव्हीचा अर्ज त्याच दिवशी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात दारं, कोठडी, व्हरांडे, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, मागची बाजू, सगळीकडे आवाजासह चालणारे कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, कमीत कमी वर्षभर ठेवायला सांगितलं. प्रत्यक्षात ‘यंत्र बंद होतं’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून ‘चित्रण द्या’ एवढं लिहू नका. तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, कोणत्या जागांचे कॅमेरे हे लिहून ‘जतन करा, पुसू नका’ अशी मागणी करा. अर्ज निरीक्षक, अधीक्षक आणि जिल्हा देखरेख समितीला द्या, पोच घ्या. मग चित्रण गायब झालं तर त्याचा जाब कोणाला विचारायचा ते ठरलेलं असतं.

जमावावरच्या लाठीमारात अडचण वेगळी. कोल्हापुरात पोलिस आयुक्तालय नाही, त्यामुळे कलम १४८ खाली जमाव पांगवायचा हुकूम तहसीलदारासारखा कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी देतो. प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षक. आधी पांगायचा हुकूम, मग बळ. डोकं आणि गळ्याचं हाड टाळायचं, हे पोलिसांच्याच आदर्श नियमांत आहे. जून २०२३ मध्ये बिंदू चौक परिसरात लाठीमार आणि अश्रुधूर झाला तेव्हासारख्या गोंधळात मारणाऱ्याचा चेहरा लक्षात राहत नाही. म्हणून बक्कल नंबर, नामपट्टी, गाडीचा नंबर टिपा, आणि माहिती अधिकारात त्या दिवसाचं बंदोबस्त वाटप, स्टेशन डायरीचा उतारा, हुकूम देणाऱ्याचं नाव आणि वापरलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्यांची संख्या मागा. नुसत्या ‘पोलिसांनी मारलं’ या तक्रारीत आरोपी कोणीच नसतो.

गुन्हा नोंदवला नाही तर अधीक्षकांना लेखी, रजिस्टर पोस्टानं. मग तपासाच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्याकडे कलम १७५ खाली अर्ज. सरकारी नोकराच्या कामाशी संबंधित तक्रारीत आता वरिष्ठांचा अहवाल आणि त्या नोकराची बाजू विचारात घ्यावी लागते, त्यामुळे वेळ जातो आणि तुमची कागदपत्रं आधीच पूर्ण हवीत. सरकारी नोकरावर खटला चालवायला लागणाऱ्या कलम २१८ खालच्या परवानगीसाठी सरकारला १२० दिवस आहेत. निर्णय नाही झाला तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. समांतर मार्ग पोलिस तक्रार प्राधिकरणाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्रानं ते कायद्यात आणलं. कोल्हापूर पुणे विभागात येतं, म्हणून विभागीय प्राधिकरण पुण्याचं. कोठडीतला मृत्यू, जबर दुखापत, बेकायदा अटक ही तिथली मुख्य कामं. पण प्राधिकरण स्वतः कोणाला बडतर्फ करत नाही, अहवाल देतं. निलंबनावरही समाधान मानू नका. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता चालू असतो आणि ती शिक्षा धरली जात नाही.

कोठडीत मृत्यू झाला तर कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी अनिवार्य आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेजारच्या सांगलीत शहर पोलिस ठाण्यातल्या तरुणाच्या मृत्यूनंतर ‘आरोपी पळाला’ असं सांगितलं गेलं आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं पुढे आलं. घरच्यांनी गप्प बसायचं नाकारलं म्हणून ते उघड झालं. ‘पळाला’ असं उत्तर मिळालं तर त्याच तासाला लेखी विचारा: पळाल्याची नोंद डायरीत किती वाजता आहे, आणि त्यावर गुन्हा नोंदवलाय का?

मुदतींचं भान ठेवा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून १ वर्ष. महाराष्ट्र पोलिस कायद्याचं कलम १६१ मात्र कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांवरच्या खटल्याला ६ महिन्यांची मर्यादा घालतं, सरकारच्या पूर्वपरवानगीनं २ वर्षं. कोठडीतली मारहाण हे कर्तव्यच नव्हे, असा युक्तिवाद आहे आणि तो टिकतो, पण त्याच्या भरवशावर सहा महिने घालवू नका. भरपाई आणि स्वतंत्र तपासासाठी रिट याचिका करायला आता मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसतं, आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांनाही तिथेच यायचं आहे.