दिवाणावरून दिसणारा टीव्ही

आमच्या नौपाड्याच्या घरातला ३२ इंची टीव्ही एका दुपारी अचानक काळा पडला. आवाज व्यवस्थित येत होता. दुरुस्तीला आलेल्या काकांनी खोलीतले दिवे बंद करायला सांगितले आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. "ताई, जवळून बघा." टॉर्चच्या त्या गोल उजेडात मालिकेतला चेहरा बोलत होता. अगदी फिकट, पण नाक, डोळे, कुंकू, सगळं जागच्या जागी. चित्र बनतच होतं, ते उजळवणारा मागचा दिवा गेला होता.

काकांनी जमिनीवर चादर अंथरून टीव्ही उघडला. पुढची काच काढली, पातळ पांढऱ्या शीट उचलल्या, आणि तळाशी एलईडीच्या पट्ट्या दिसल्या. प्रत्येक दिव्यावर प्लास्टिकची इवलीशी टोपी. एका पट्टीतले दिवे एका माळेत जोडलेले, त्यामुळे एक गेला की सगळी माळ विझते. पट्ट्या बदलल्यावर मी आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, पोथी वाचायचं भिंग पांढऱ्या पडद्याला लावलं. पांढरं कुठेच नव्हतं. नुसत्या लाल, हिरव्या, निळ्या रेघा, ओळीने उभ्या.

तीन महिन्यांनी पॅनेलच, म्हणजे चित्र बनवणारा पुढचा पडदाच, गेलं. पॅनेल बदलायचं तर जवळजवळ नव्या टीव्हीचा खर्च, म्हणून दुकानं पालथी घालायला निघाले.

पहिल्याच दुकानात मला सांगितलं गेलं, की एलसीडी जुनं झालं, आता एलईडी घ्या. याचा मला मनापासून राग आला, कारण उघडलेला टीव्ही मी डोळ्यांनी पाहिला होता. एलईडी टीव्ही हा एलसीडीच असतो, फक्त मागचा उजेड एलईडीचा. पुढे द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टल, एलसीडीतलं 'एलसी') थर प्रत्येक ठिपक्यापाशी झडपेसारखं काम करतो, किती उजेड सोडायचा ते ठरवतो. (हे द्रवस्फटिक पहिल्यांदा लक्षात आले ते १८८८ मध्ये, गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करणाऱ्या फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. वितळल्यावर तो पदार्थ आधी गढूळ आणि आणखी तापवल्यावर नितळ होत होता.) क्यूएलईडी म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीतही झडपा त्याच. निळ्या उजेडापुढे अतिसूक्ष्म कण असतात, त्यातले लहान कण हिरवा रंग देतात, मोठे लाल. रंग खरोखर खुलतात, आणि ज्यांनी हे कण शोधले त्यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण मागचा दिवा सुटत नाही.

तो सुटतो ओलेडमध्ये. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळं हवं तिथे विझून जातो. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात रात्रीचं आकाश पाहिलं आणि पाऊल निघेना. ह्यांचंही मत तेच पडलं. पण आमच्याकडे वृत्तवाहिनी दिवसभर चालू, खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो हलत नाही. ओलेडमधले ठिपके वापरानुसार झिजतात, वर्षानुवर्षं एकाच जागी तेच चित्र राहिलं तर त्याचा डाग उमटू शकतो. शिवाय पश्चिमेची गॅलरी, चारनंतर ऊन थेट भिंतीवर. त्या उन्हात तो सुंदर काळा रंग कुणाला दिसणार?

उरला प्रश्न आईंच्या जागेचा. गुडघ्यांमुळे त्या खिडकीजवळच्या दिवाणावर बसतात, तिथून टीव्ही पार तिरका. म्हणून मी पेनड्राइव्हवर आमच्या घरातल्याच एका लग्नाचे फोटो नेले आणि प्रत्येक टीव्हीसमोरून बाजूला चालत गेले. एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार पाहिले, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेल समोरून छान, काळं गडद. दोन पावलं बाजूला सरकले की नवरीच्या हिरव्या शालूचा रंग उतरला. त्यात द्रवस्फटिकाचे रेणू काचेवर उभे असतात, त्यामुळे तिरकं पाहताना उजेडाचं गणित बिघडतं. आयपीएसमध्ये ते काचेला समांतर आडवे राहून जागच्या जागी फिरतात. शालू कडेपर्यंत हिरवाच राहिला. त्याची किंमत अशी, की आयपीएसचं काळं थोडं राखाडी दिसतं.

डब्यावर पॅनेलचा प्रकार कुठेच लिहिलेला नव्हता. तीन दुकानं फिरले, बाजूने चालून पाहिलं, शेवटी ४३ इंची आयपीएस घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्याचाही उपयोग झाला. घरी आणल्यावर दुकानातला भडक मोड काढून सिनेमाचा लावला.

आई दिवाणावर बसल्या, चष्मा नीट केला. "अगं, ती बातम्या देते तिची साडी जांभळी आहे होय! मला इतके दिवस करडीच वाटायची."

रात्री अंधारात पडदा राखाडी वाटतोच. टीव्हीच्या मागे भिंतीशी एक छोटा दिवा लावून ठेवते, त्याने काळं बरंच काळं दिसतं.