कुलर, लाट आणि एक हिशेबनीस

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध आला तो नागपूरच्या उन्हाळ्यामुळे. कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते, हे समजल्यावर जूनमधल्या दमट दिवसांत तोच कुलर निरुपयोगी का ठरतो, याचेही उत्तर मिळाले. पुढचा प्रश्न मात्र भौतिकशास्त्राचा नव्हता. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ अंशांवर गेले असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. आमची मे महिन्यातली सरासरीच ४० च्या पुढे. मग या व्याख्येत न बसणाऱ्या ४४ अंशांत सीताबर्डीवर हातगाडी ओढणाऱ्याचे काय? रेषा कुठेतरी आखावीच लागते, हे मान्य (लेखापरीक्षणातही आम्ही दुसरे काय करतो?), परंतु तीत आर्द्रता आणि अंगमेहनत धरायची की नाही, हे एकटे विज्ञान ठरवू शकत नाही, कारण कोणाचा त्रास मोजायचा हे आधी ठरवावे लागते. सध्या आर्द्रतेचा अंदाज घ्यायला गच्चीवर मी दोन तापमापक टांगले आहेत, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले. दोन्हींच्या नोंदी जुन्या खातेवहीत रोज दुपारी होतात.