दहा डॉलर की पाच?

मंगळवार, रात्री उशिरा

जेवणानंतर यूट्यूबवर एक गृहस्थ ठासून सांगत होते की अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, राज्यांच्या अधिकारांवरून झालं. हा युक्तिवाद अधूनमधून कानावर येतोच. म्हटलं, देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते तरी बघावं.

२० डिसेंबर १८६०ला साउथ कॅरोलायना सगळ्यात आधी फुटलं आणि चार दिवसांत कारणांचा जाहीरनामा काढला. राज्यांच्या अधिकारांची भाषा त्यात भरपूर आहे. पण गाऱ्हाणं काय, तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत. न्यूयॉर्कच्या कोर्टांनी तर मालकाला गुलामांसह राज्यातून नुसतं पुढे जायचा हक्कही नाकारला. म्हणजे आपण वापरला तर अधिकार, शेजाऱ्याने वापरला तर आगळीक.

मग १८५०चा पळपुट्या गुलामांचा कायदा काढून वाचला आणि झोप उडाली. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, त्याची स्वतःची साक्ष ग्राह्य नाही. रस्त्यावरच्या कुणालाही धरपकडीत मदत करायला फर्मावता येई. पळालेल्याला लपवलं तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निकाल द्यायचा कमिशनरने, म्हणजे केंद्राच्या अधिकाऱ्याने. त्याने माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर फी दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. परत पाठवताना कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं त्याचं समर्थन! याला लाच तरी कसं म्हणायचं, कायद्यातच छापलेला दर तो.

हा कायदा केंद्र सरकारचा, आणि तो हवा होता दक्षिणेला. तेव्हा राज्यांचे अधिकार कुणाला आठवले नाहीत.

मे १८५४मध्ये व्हर्जिनियातून पळालेला अँथनी बर्न्स बोस्टनमध्ये पकडला गेला. २ जूनला त्याला सैनिकांच्या गराड्यातून बंदरावर नेलं. वाटेतल्या इमारतींवर काळं कापड, एका ठिकाणी चक्क शवपेटी टांगलेली. कालपर्यंत 'कशाला उगाच वाद' म्हणणारे पेढीवाले, व्यापारी त्या दिवशी बिथरले. त्याच आठवड्यात, ३० मेला, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली होती. एका ठरावीक रेषेच्या उत्तरेच्या नव्या प्रदेशात गुलामगिरी नको, ही १८२०ची तडजोड त्याने मोडली. नव्या प्रदेशात गुलामगिरी हवी की नको हे तिथल्या वसाहतवाल्यांवर सोडलं. कॅन्ससमध्ये दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊनच उतरले. डेमोक्रॅटांचा जुना प्रतिस्पर्धी व्हिग पक्ष मोडीत निघाला, रिपब्लिकन पक्ष उभा राहिला.

डेमोक्रॅट मात्र अजून देशभर पसरलेले होते. एप्रिल १८६०मध्ये चार्ल्स्टनच्या अधिवेशनात दक्षिणेच्या प्रतिनिधींनी हट्ट धरला की नव्या प्रदेशांत गुलामगिरीला केंद्रानेच संरक्षण द्यावं (पुन्हा केंद्रच!). मिळेना तेव्हा कित्येक जण उठून गेले. पक्षाचे दोन उमेदवार झाले, आणि रिपब्लिकन लिंकन चाळीस टक्क्यांच्या आतबाहेर मतांवर निवडून आला. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या.

आपल्याकडे जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यामुळे सगळी उत्तर पहिल्यापासून मुक्तीसाठीच लढली असं चित्र मनात असतं. तसं नव्हतं. मार्च १८६१मध्ये अध्यक्ष म्हणून केलेल्या पहिल्या भाषणात लिंकनने जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. तरीही एप्रिलमध्ये दक्षिणेने केंद्राच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झालं.

जाता जाता अलेक्झांडर स्टीफन्स. दक्षिणेच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष. मार्च १८६१मध्ये सव्हानात त्याने जाहीर सभेत सांगितलं की काळे आणि गोरे समान नाहीत, गुलामी हीच काळ्यांची स्वाभाविक अवस्था, आणि आमच्या सरकारचा कोनशिलेचा दगड हाच. युद्ध हरल्यावर याच माणसाने दोन जाडजूड खंड लिहिले, भांडण मुळात राज्यघटनेच्या अर्थाचं होतं हे पटवायला. यूट्यूबवरच्या गृहस्थांचा युक्तिवाद तिथपासून चालत आलाय.