सुल्मोना ते कार्पिनोने: सिम्युलेटरसाठी एक रेल्वेमार्ग सुचवताना

ट्रेन सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर रेल्वे चालवायच्या खेळासाठी, नवा मार्ग सुचवायचा तर ‘हा मार्ग फार सुंदर आहे’ एवढं लिहून भागत नाही. सुंदर मार्ग इटलीत पैशाला पासरी आहेत. मार्ग बांधणारी माणसं हौशी असतात, नोकरीवरून आल्यावर रात्री जागून रूळ टाकत बसतात. त्यांना आधी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: खेळणाऱ्याच्या हाताला तासभर काम काय मिळणार? अब्रुत्झो आणि मोलिझे या दोन डोंगराळ प्रांतांतून जाणारा सुल्मोना–कार्पिनोने मार्ग मी ओपन रेल्स या सिम्युलेटरसाठी मार्ग बांधणाऱ्या एका हौशी गटाला सुचवला, तेव्हा माझी सगळी मेहनत या प्रश्नाचं उत्तर देण्यातच गेली.

ओपन रेल्स का, तर तो फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरसाठी बनलेले मार्ग आणि इंजिनं त्यावर चालतात. आपल्याकडचे कितीतरी हौशी लोक त्यावर डब्ल्यूएपी-४ आणि डब्ल्यूडीएम-३ए ही भारतीय रेल्वेची इंजिनं पळवतात. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पुढे नोकरीनिमित्त रोमला आलो आणि रोम–पेस्कारा गाडीने जाताना सुल्मोना स्टेशनात बाजूला पडलेला एक एकेरी रूळ दिसला. तो दक्षिणेला डोंगरात शिरत होता. कुठे जातो म्हणून शोधायला घेतलं आणि मग सुटका नव्हती.

हा मार्ग सुमारे ११८ किलोमीटरचा. सुल्मोना ते कान्सानो हा पहिला तुकडा १८९२ साली सुरू झाला आणि पुढे इझेर्नियापर्यंतची गाडी १८९७ साली धावली. सुल्मोनाच्या खोऱ्यात रूळ साधारण ३३० मीटर उंचीवर आहेत आणि रिविसोंदोली-पेस्कोकोस्तान्झो स्टेशनात १२६९ मीटरवर. इटलीच्या मुख्य रेल्वेजाळ्यात याहून उंच स्टेशन फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेन्नेरोचं. मधला चढ हजारात २८ पर्यंत जातो (हजार मीटर अंतराला २८ मीटर उंची), म्हणजे आपल्या हिशेबात १:३६ च्या आसपास. कर्जत–लोणावळा घाट १:३७ चा आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आपल्या घाटात कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात आणि लोणावळ्याला चढ संपतो. इथे चढ संपतच नाही. गाडी सुल्मोनाच्या खोऱ्याभोवती भलामोठा वळसा घालत वर चढते, काम्पो दी जोवे येतं, मग मायेला पर्वताखालचा बोगदा, मग पालेनाचं माळरान, मग रिविसोंदोली. तिथून रोक्काराझोमार्गे सांग्रो नदीच्या खोऱ्यात उतार.

प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहिताना सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते काळाने. एकाच मार्गाचे तीन अवतार होतात. १९३० चं दशक घेतलं तर वाफेची इंजिनं मिळतात. आजचा काळ घेतला तर पर्यटकांची गाडी: डिझेल डी ४४५ इंजिन आणि मागे लाकडी बाकांचे जुने डबे. मधला काळ म्हणजे १९८० चं दशक. तेव्हा ही साधी रोजची पॅसेंजर लाइन होती, शाळेतली मुलं आणि बाजाराला निघालेली माणसं घेऊन जाणारी.

वाफेचा मोह मोठा होता. पण १९४३ च्या शरद ऋतूत जर्मन सैन्याची गुस्ताव्ह संरक्षणरेषा याच डोंगरांतून गेली आणि माघार घेताना त्यांनी पूल, बोगदे, रूळ उडवून दिले. रोक्काराझो गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं. पूर्ण मार्ग पुन्हा जोडला जायला १९६० साल उजाडलं. म्हणजे युद्धापूर्वीचा मार्ग उभा करायचा तर आज अस्तित्वातच नसलेल्या इमारती फोटोंवरून घडवाव्या लागणार. (जाता जाता: हीच सांग्रो नदी खाली एड्रियाटिकला मिळते. त्या खालच्या पट्ट्यात १९४३ च्या नोव्हेंबरात आठवी भारतीय डिव्हिजन लढली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. किनाऱ्याजवळच्या सांग्रो युद्ध स्मशानभूमीत दहन केलेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. इथल्या प्रवासी माहितीपत्रकात मला ते कधी आढळलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.)

पर्यटक गाडीचा काळही मी सोडून दिला. ती गाडी दिसायला देखणी, पण चालवायला सुस्त. स्टेशनवर लोक उतरतात, चीज खातात, फोटो काढतात, चालक वाट बघत बसतो. खेळ म्हणून त्यात दम नाही.

राहिलं १९८० चं दशक. या मार्गावर तेव्हा फियाटची एएलएन ६६८ ही डिझेल रेलकार धावायची. नाव कोरडं आहे, पण यंत्र मजेशीर. डब्याखाली दोन इंजिनं आणि पाच गिअरचा यांत्रिक गिअरबॉक्स. चालकाने गिअर स्वतः टाकायचे. आपल्या एसटीचा जुना चालक घाटात कानाने इंजिन ऐकून गिअर खाली घ्यायचा ना, तसंच, फक्त रुळांवर. माझ्या डोक्यातला दिवा पेटला तो इथे. सुंदर डोंगर विसरा, हा चढ आणि हा गिअरबॉक्स एकत्र आले की खेळणाऱ्याला क्षणभर उसंत नाही.

मग मी तेच आकड्यात मांडलं. साधारण ३७ टनांची रेलकार हजारात २८ च्या चढावर ताशी ६० किलोमीटरने न्यायची तर नुसतं गुरुत्वाकर्षण हरवायला सुमारे १७० किलोवॅट लागतात. हवेचा आणि वळणांचा विरोध वेगळा. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर काय होईल हे कुणालाही दिसतं. असं बंद पडणं हाच एक खेळ म्हणून मी सुचवला: काम्पो दी जोवेच्या अलीकडे एक इंजिन गेलं, समोरून येणारी गाडी तिथे वाट बघतेय, वेळ सांभाळा. दुसरा खेळ उलट बाजूचा: रिविसोंदोलीहून सुल्मोनाकडे उतरताना ब्रेक तापू न देता, गिअरमध्ये ठेवून गाडी आणायची. तिसरा बर्फाचा. हिवाळ्यात हे पठार पांढरं होतं आणि इटालियन लोक या मार्गाला कौतुकाने ‘ट्रान्स-सायबेरियन’ म्हणतात ते उगाच नाही.

कल्याणला माझा एक मित्र आहे, ओपन रेल्ससाठी घाटातले मार्ग करतो. मसुदा त्याला पाठवला. त्याचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. “अरे, गोष्ट छान सांगितलीस. पण रुळांची उंची कुठून आणणार आहेस? त्याचं लिही आधी. नाहीतर ते लोक तुझा कागद बाजूला ठेवतील.”

त्याचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की उपग्रहाचा नकाशा घेतला की काम झालं. इटलीच्या भूकंपविज्ञान संस्थेने देशभराच्या जमिनीच्या उंचीचा १० मीटर जाळीचा नमुना खुला केलेला आहे, टिनइटली नावाचा. डोंगर उभे करायला तो झकास. पण रुळांसाठी तो कामाचा नाही. जमिनीच्या उंचीत दोन-तीन मीटर इकडे-तिकडे झाले तर डोंगराला काही फरक पडत नाही. शंभर मीटर रुळात मात्र तेवढीच चूक चढ दुप्पट करते किंवा नाहीसा करते. बोगद्यावर तर तो नमुना वरच्या डोंगराची उंची सांगतो, आणि पुलावर खालच्या दरीची. म्हणून रुळांची उंची वेगळ्या वाटेने काढावी लागते. इटलीतल्या जुन्या स्टेशनांच्या भिंतीवर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या पाट्या बऱ्याचदा असतात. त्या टिपल्या की दोन स्टेशनांमधला एकूण चढ पक्का होतो. मधला भाग लष्करी भूगोल संस्थेच्या १:२५,००० नकाशांवरून आणि रेल्वेच्या चढ-उताराच्या आलेखांवरून भरायचा. पर्यटक गाडी स्टेशनांवर भरपूर वेळ थांबते, त्याचा फायदा मी घेतला. बाकीचे प्रवासी चीजच्या टपरीकडे गेले आणि मी भिंतींचे फोटो काढत फिरलो. एका आजीबाईंनी मला विचारलंही, काही हरवलंय का म्हणून.

काळ १९८० चा धरल्याचा आणखी एक फायदा इथे कळला. १९६० नंतर मार्गाची आखणी फारशी बदलली नाही, म्हणून आजचे इमारतींचे फोटोही चालतात. चालत नाहीत ती झाडं. गावं रिकामी झाली, मेंढ्या गेल्या, आणि एके काळी उघडे असलेले चराऊ उतार आता रानाने भरलेत. आजचा उपग्रहफोटो बघून झाडं लावली तर १९८० मध्ये जिथून अख्खं खोरं दिसायचं तिथे हिरवी भिंत उभी राहील. सरकारी भूनकाशा पोर्टलवर १९८८-८९ चे काळेपांढरे हवाई फोटो आहेत, ते सोन्यासारखे निघाले. मी प्रस्तावात एकाच वळणाचे तेव्हाचे आणि आजचे फोटो शेजारी शेजारी लावले.

गटाचं उत्तर आलं ते प्रश्नांचं होतं, होकार किंवा नकार नव्हे. लांबी जास्त आहे. रोज गाड्या किती? मालगाड्या? परवानग्या? हे शेवटचं मला आधी किरकोळ वाटलं होतं, पण ते तसं नाही. रूळ कुठून कुठे जातात यावर कुणाचा हक्क नसतो, पण रेल्वेचं चिन्ह, कंपनीचं नाव, गाडीच्या रंगसंगतीची आजची ओळख यांचा प्रश्न वेगळा. जुन्या फोटोतून भिंतीचं पोत उचलायचं तर फोटोग्राफरची संमती लागते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून आखणी घेतली तर त्यांचं नाव द्यावं लागतं. मी प्रत्येक स्रोतापुढे ‘वापरता येतो’, ‘विचारावं लागेल’, ‘फक्त बघण्यापुरता’ असं लिहून तक्ता जोडला. प्रस्तावातला हा सर्वांत कंटाळवाणा कागद, आणि गटातल्या लोकांनी तोच आधी वाचला.

लांबीवरून मात्र खरी ओढाताण झाली. मला दक्षिणेकडचा मोलिझेचा भाग हवा होता. सान पिएत्रो आवेल्लाना, वास्तोजिरार्दी, कारोविल्ली ही सगळी स्टेशनं आणि तीन किलोमीटरहून लांब मोंते पागानो बोगदा. गटाचं म्हणणं, तीन किलोमीटर अंधार बघायला खेळाडू येत नाही. मला ते पटलं नाही, चढावरच्या लांब बोगद्यात गिअर सांभाळण्यात वेगळीच गंमत आहे. पण बांधणारे ते, मी सुचवणारा. शेवटी सुल्मोना ते कास्तेल दी सांग्रो, साधारण ७५ किलोमीटर, यावर तडजोड झाली. उभा चढ, पठार आणि उतार, तिन्ही त्यात येतात. कास्तेल दी सांग्रोला तेव्हा किनाऱ्याकडून येणारी सांग्रिताना रेल्वेही मिळायची, म्हणून शेवटचं स्टेशनही तोडल्यासारखं वाटत नाही.

गाड्यांच्या संख्येचं उत्तर देताना मी काही लपवलं नाही. गर्दीचा मार्ग हा कधीच नव्हता. स्टेशनं गावांपासून दूर, पालेना स्टेशन तर आपल्याच गावापासून कितीतरी लांब माळावर एकटं. रस्ते सुधारले, बस गावात दारापर्यंत जायला लागली, तरुण माणसं आधी अमेरिकेला आणि मग रोम-मिलानला गेली. कास्तेल दी सांग्रो ते कार्पिनोने नियमित गाड्या २०१० मध्ये थांबल्या, उरलेल्या २०११ मध्ये. इटालियन रेल्वेच्या वारसा प्रतिष्ठानाने २०१४ पासून पर्यटक गाड्या सुरू केल्या नसत्या तर आज मला कुठल्याही भिंतीवरची पाटी वाचता आली नसती. आणि २०१७ च्या पर्यटन-रेल्वे कायद्यात या मार्गाचं नाव आलं, त्यामुळे रूळ उखडले जाण्याची भीती बरीच कमी झाली.

होकार आला तो टप्प्यांचा. पहिला टप्पा सुल्मोना ते काम्पो दी जोवे. तो चालवून बघायचा, चढ आणि गिअरबॉक्स जमतात का ते तपासायचं, मगच मायेलाच्या पलीकडे जायचं. रूळ टाकणं माझ्याकडे नाही. ओपन रेल्सच्या रुळांचे तुकडे ठरावीक त्रिज्येचे असतात, ते खऱ्या वळणांवर बसवायचं काम नवख्याचं नव्हे. माझ्याकडे आली आहेत फाटकं, गँगमनच्या कौलारू चौक्या आणि कान्सानोचं स्टेशन.

गिअरबॉक्सचे आकडे जमत आलेत. अडलंय ते आवाजावर. रेलकारच्या आत, चालकाच्या खोलीच्या जवळ बसून, चढावर तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरवर उतरतानाचा स्वच्छ आवाज हवा आहे. पर्यटक गाड्यांना बहुतेक वेळा डी ४४५ लागतं, त्यामुळे तिथे तो मिळत नाही. तुमच्यापैकी कुणी इटलीत असाल आणि एखाद्या वारसा फेरीत एएलएन ६६८ मध्ये बसायची संधी मिळाली, तर चालकाला विचारून मोबाइल सुरू ठेवा आणि निदान तो चढ संपेपर्यंत शेजाऱ्याशी बोलू नका.