आबितानो

आज लिफ्टपाशी तळमजल्यावरच्या सिन्योरांनी सहज विचारलं, सासूसासरे कुठे असतात. मी म्हटलं सांगलीला राहतात, इटालियनमध्ये आबितानो, आणि 'ता'वर दणकून जोर दिला. मागून दप्तर सावरत लेकीचा बारीक आवाज, "आई, आ वर. आऽबितानो." सिन्योरा हसल्या. प्रेमानेच हसल्या, तेच तर.

9 वर्षं झाली इटलीत, तोरिनोत. टॅक्स भरते, प्लंबरशी भांडते, आणि एका 'ता'पायी दिवसभर तोंड पाडून बसलेय. बरं नियम माहीत नाही असंही नाही, वहीत लिहिलाय की, 'राहणे'च्या आबितारेला, 'तुम्ही राहता'च्या आबितातेला जोर 'ता'वर पण 'ते राहतात' म्हटलं की तो टुणकन मागे, 'मी राहतो'च्या आबितोला असतो तिथेच, 'आ'वर, म्हणजे आबितानोत शेवटून चौथ्या अक्षरावर. 'ते फोन करतात'चंही तेच, तेलेऽफोनानो. वहीत असून काय उपयोग, तोंडात यायला हवं ना. आणि लिहिताना खूण देतील तर शप्पथ, जोर अगदी शेवटच्या अक्षरावर असला तरच देतात. बाकी तुमचं तुम्ही बघा.

मागच्या महिन्यात तर गृहपाठात तिने 'वाट बघणे' बरोबर तोडलं होतं, आ-स्पेत्-ता-रे. मी खोडरबर घेऊन आस्-पेत् केलं, आपण पुस्-तक म्हणतो तसं. शाळेतून लाल रेघ. इथे स पुढच्या व्यंजनाला चिकटून जातो, जोडीतले दोन त मात्र वेगळे होतात. तिने टाळ्या वाजवून दाखवलं मला, चार टाळ्या. पण ती रेघ माझ्यामुळे आली हे कुणाला बोलली नाही. मग आजच का बोलली? सिन्योरांसमोर?

माझ्या आईचं इंग्लिश मी लोकांसमोर... जाऊ दे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला सांगत होती, चमचा हरवला. चहातला च लावून. मी लगेच, "अगं चमचा, तो च नाही!" तर म्हणे कसं ओळखायचं, लिहिताना तर सेम आहे. मी म्हटलं ऐकून ऐकून कळतं. आजी हसल्या. प्रेमानेच.

आत्ता भांडी घासताना तेलेफोनानो, तेलेफोनानो पुटपुटत होते, तर आतून पांघरुणातून आवाज, "लेऽ, आई, लेऽ."

झोप म्हटलं.

"चमचा," म्हणाली. मुद्दाम, चहातला च लावून.